अंतर कोणी राखायचं

धमकी आली की पहिला सल्ला जिला धमकी आली तिलाच मिळतो. नंबर बदल. त्याला ब्लॉक कर. डीपीवरचा फोटो काढून जास्वंदीचं फूल लाव. रात्री ऑनलाइन दिसू नकोस. थोडे दिवस आईकडे जाऊन राहा. सांगणारी माणसं आपलीच असतात, काळजीपोटी सांगतात, आणि त्यांचं अगदीच चुकतं असंही नाही. पण हे सल्ले एकाखाली एक मांडून पाहिले की ध्यानात येतं, ज्यानं हे सारं आरंभलं त्याच्या वाट्याला यात एकही काम आलेलं नाही. हलायचं तिनं, लपायचं तिनं, गप्पही तिनंच बसायचं.

मी शाळेत भूगोल शिकवते. नवऱ्यापासून वेगळी राहायला लागले तेव्हा मधे दोन जिल्हे आहेत याचा आधार वाटला होता. फोनला जिल्ह्यांचं काही सोयरसुतक नसतं. आधी समजुतीचे मेसेज आले, मग शिव्या, मग शाळेच्या गेटवर येऊन सगळ्यांसमोर काय करणार याचं वर्णन. एक नंबर अडवला की दुसऱ्या नंबरावरून तेच. पुढे माझ्याच नावाचं, माझाच फोटो लावलेलं एक खातं निघालं आणि त्यावरून शिक्षकांच्या खोलीतल्या निम्म्या लोकांना आणि एका विद्यार्थिनीच्या वडिलांना मेसेज गेले. बहिणीच्या सासरी काय काय पाठवता येईल, याची यादीही मला आगाऊ कळवण्यात आली.

नंबर बदलणं म्हणजे काय, हे तो सल्ला देणाऱ्यांच्या लक्षात येत नाही. तो नंबर आधारला जोडलेला, बँकेला जोडलेला, गॅसच्या नोंदणीत तोच, पालकांच्या ग्रुपवर तोच. आईच्या साध्या फोनमध्ये एकच बटण दाबून धरलं की लागतो तोही तोच. एका माणसाला चुकवण्यासाठी उरलेल्या सगळ्या जगाला नवा पत्ता कळवायचा, आणि त्या जगातल्या एकानं जरी भाबडेपणानं तो पुढे दिला तर पुन्हा पहिल्यापासून.

पोलीस ठाण्यातून मी एनसी घेऊन आले. एनसी म्हणजे अदखलपात्र गुन्ह्याची नोंद. न्यायदंडाधिकाऱ्यांनी आदेश दिल्याशिवाय त्या नोंदीवर पोलिसांना तपास करता येत नाही, आणि साध्या धमकीच्या तक्रारीचं पुष्कळदा या चिठ्ठीवरच भागतं. तिथले अंमलदार भले गृहस्थ होते. त्यांनी पाणी दिलं, पंखा माझ्याकडे वळवला. "आयटी ॲक्ट लावायचा तर तपास पीआय साहेबांनाच करावा लागतो, मॅडम. साहेब बंदोबस्ताला गेलेत," असं समजावून सांगितलं. ते खरंच होतं. त्या कायद्याखालचा तपास निरीक्षकापेक्षा खालच्या दर्जाच्या अधिकाऱ्याला करता येत नाही. निघताना त्यांनी आपुलकीनं जोडलं, "तोवर तुम्ही नंबर बदलून टाका ना."

आमचे काका पेपर बारकाईनं वाचणारे. "वकिलाला म्हणावं, आयटी ॲक्टचं ते सहासष्ट ए लाव," असं त्यांनी बजावलं होतं. वकीलबाईंना मी तसं सांगितलं तेव्हा त्या हसल्या. "काकांना सांगा, ते कलम २०१५ सालीच गेलं." ते गेलं त्याची कथा पालघरपासून सुरू होते. नोव्हेंबर २०१२ मध्ये बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतर मुंबई बंद झाली. त्याबद्दल एका तरुणीनं फेसबुकवर चार ओळी लिहिल्या, दुसरीनं त्या लाइक केल्या, आणि दोघींना अटक झाली. त्रासदायक मेसेजपासून माणसाला वाचवण्यासाठी जे कलम होतं, त्यानं झडप घातली ती कुणालाही न धमकावणाऱ्या दोन मुलींवर. श्रेया सिंघल खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं २४ मार्च २०१५ रोजी ते घटनाबाह्य ठरवलं, ते योग्यच झालं. 'त्रासदायक' या शब्दात कुणालाही बसवता येतं. धमकी ही निराळी गोष्ट आहे, तिला नेम असतो.

वकीलबाईंचा मला पहिला प्रश्न धमकीविषयी नव्हताच. "लग्नाचा पुरावा आहे ना?" असं त्यांनी विचारलं.

गेलं वर्षभर मी जिथे तिथे त्याचं नाव काढण्याच्या मागे होते. बँकेतलं नॉमिनेशन बदललं, शाळेच्या सेवापुस्तकात दुरुस्तीचा अर्ज दिला. आता तेच नाव मी ट्रंकेत शोधत बसले. विवाह नोंदणीचा दाखला सापडला. लग्नपत्रिका सापडली, तिच्यावर हळदीचा डाग. दोघांची नावं असलेलं जुनं रेशनकार्ड सापडलं. त्यानं माझ्यापासून दूर राहावं, असा हुकूम मिळवायचा तर तो एके काळी माझ्याजवळ होता हे मला आधी शाबीत करायचं होतं.

कारण आपल्याकडे 'संरक्षण आदेश' या नावाची जी सोय आहे ती कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण अधिनियम, २००५ या कायद्यात आहे, आणि त्या कायद्याचं दार नात्यावर उघडतं. लग्नाचं नातं, रक्ताचं नातं, किंवा लग्नासारखं एका घरात राहिल्याचं नातं, कधी काळी का होईना, असलं पाहिजे. एकदा ते दार उघडलं की मात्र आत पुष्कळ ऐवज आहे. हा कायदा ऑक्टोबर २००६ मध्ये अंमलात आला तेव्हा बहुतेकांच्या फोनवर बोलणं आणि एसएमएस एवढंच होत असे. तरी त्याच्या अठराव्या कलमात पीडित स्त्रीशी कोणत्याही प्रकारे, इलेक्ट्रॉनिक माध्यमातूनसुद्धा, संपर्क साधण्यावर बंदी घालता येईल असं तेव्हाच लिहून ठेवलेलं आहे. तिच्या कामाच्या ठिकाणी जाण्यावर बंदी घालता येते. तिला मदत करणाऱ्या नातलगांना त्रास देण्यावरही घालता येते. बहिणीच्या सासरचं प्रकरण या एका वाक्यात बसलं. अर्ज करायला त्याच्या गावी जावं लागत नाही. ती जिथे राहते, तात्पुरती राहत असली तरी, तिथल्या न्यायालयात तो चालतो आणि तिथला आदेश देशभर लागू होतो. तो माणूस कुठे बसून टाइप करतो याला महत्त्व उरत नाही. हा कायदा लिहिणाऱ्यांना आजची समाजमाध्यमं ठाऊक नव्हती, पण छळ करणारा माणूस चांगला ठाऊक होता.

मग सुरू झालं कागद जमवणं. "काही डिलीट करू नका. फोन रिसेट करू नका, विकू नका," अशी वकीलबाईंची ताकीद. आजवर वाचले न वाचले करून जे सरकवलं होतं ते आता तारीखवार लावायचं, प्रत्येक स्क्रीनशॉटवर नंबर, वेळ, खात्याचं नाव दिसतंय का पाहायचं, पानांना क्रमांक घालायचे. झेरॉक्सच्या दुकानातला मुलगा माझ्याच शाळेतून दहावी झालेला. प्रिंट निघत होत्या तसा तो प्रत्येक कागद न वाचता पालथा ठेवत गेला आणि पैसे घेताना म्हणाला, "बाई, पाकीट देऊ का मोठं?" या सबंध प्रकरणात इतक्या नीट रीतीनं माझ्याशी फार थोडे लोक वागले.

नुसत्या प्रिंटनं भागत नाही. इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत प्रमाणपत्र लागतं, आणि ते का लागतं याचा निर्णायक निकालही आपल्याच मुलखातून गेलेला आहे. जालना मतदारसंघाच्या २०१४ च्या निवडणुकीत उमेदवारी अर्ज वेळेत दाखल झाले की नाही यावर वाद झाला, निवडणूक कार्यालयातलं व्हिडिओ चित्रण पुढे आलं, आणि अर्जुन खोतकर विरुद्ध कैलास गोरंट्याल या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं जुलै २०२० मध्ये सांगितलं की मूळ उपकरणच न्यायालयात हजर केलं नसेल तर प्रमाणपत्र हवंच. पालघरच्या मुलींच्या बाजूनं कलम रद्द करणारा आणि जालन्याच्या वादात प्रमाणपत्राची अट पक्की करणारा, हे दोन्ही निकाल न्यायमूर्ती रोहिंटन नरिमन यांनी लिहिले. एकानं बोलणाऱ्याला संरक्षण दिलं, दुसऱ्यानं बोललेलं शाबीत कसं करायचं ते ठरवलं. माझ्यासारखीला दोन्हींच्या मधून वाट काढायची असते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमानं ते प्रमाणपत्र दोन भागांचं केलं, त्यात फाइलची हॅश व्हॅल्यू आली, म्हणजे आतलं एक अक्षर जरी इकडचं तिकडे झालं तरी बदलणारा आकडा. त्या फॉर्मवर मी माझ्या फोनचा आयएमईआय क्रमांक लिहिला.

अर्जाच्या पहिल्या मसुद्यात वकीलबाईंच्या कारकुनानं 'अश्लील व अर्वाच्य भाषेत' असं लिहिलं होतं. वकीलबाईंनी ते खोडलं. "नेमके शब्द लिहा, ताई. अर्वाच्य म्हटलं की कोर्टाला काहीच दिसत नाही." मुलांच्या वहीत असा एखादा शब्द सापडला असता तर मी पालकांना बोलावून घेतलं असतं. इथे तो शपथपत्रात, अवतरण चिन्हात, शुद्धलेखन तपासून लिहिला आणि खाली सही केली. लिहिताना हात थांबला खरा, पण एक गोष्ट तिथेच लख्ख झाली. इतके दिवस ते शब्द माझ्या अंगाला चिकटल्यासारखे वाटत होते. कागदावर, तारखेसकट, पाठवणाऱ्याच्या नावासकट उतरले तसे ते ज्याचे होते त्याच्या खात्यावर जमा झाले.

पहिली तारीख साधारणपणे तीन दिवसांच्या आत ठेवावी आणि अर्ज साठ दिवसांत निकाली काढण्याचा प्रयत्न करावा, असं कायदा म्हणतो. न्यायालयाच्या दाराबाहेर लावलेला बोर्ड वाचला की त्या तीन आणि साठचं काय होतं ते कळतं. शिपाई पुकारा करतो, कुणी हजर असतं, कुणाचा वकील दुसऱ्या कोर्टात असतो, कुणाची नोटीसच बजावून आलेली नसते. सकाळी अकराला आलेली बाई दुपारी तीनला पुढची तारीख घेऊन एसटी पकडते. तिच्या त्या दिवसाच्या रजेचा हिशेब कुठल्याच रोजनाम्यात येत नाही.

कोर्टाबाहेरच्या बाकावर मला एक मुलगी भेटली. विशी पार केलेली, विम्याच्या कार्यालयात कामाला. तिलाही वकीलबाईंनाच भेटायचं होतं. कॉलेजात बरोबर असलेल्या एकाला तिनं नकार दिला होता, आणि तेव्हापासून तो नवनवी खाती काढून तिच्या मागे होता. माझ्या हातातला गठ्ठा पाहून तिनं विचारलं, "मावशी, हा अर्ज मलापण करता येईल ना?" वकीलबाईंनी तिला नेहमीचे प्रश्न विचारले. लग्न झालंय? एकत्र राहत होतात? "नाही हो मॅडम, मी तर त्याला नाहीच म्हटलं होतं." वकीलबाई क्षणभर गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "मग हा कायदा तुला लागत नाही, बाळ."

मी ज्याला एके काळी हो म्हटलं होतं त्याला दूर ठेवण्याचा हुकूम मला मागता येत होता. तिनं ज्याला कधीच हो म्हटलं नव्हतं त्याच्यासाठी तसला हुकूम त्या कायद्यात नव्हता.

तिच्यासाठी काहीच नाही असं नव्हे. पाठलागाचा गुन्हा २०१३ साली दंड संहितेत आला, आता तो भारतीय न्याय संहितेच्या ७८ व्या कलमात आहे, आणि बाईच्या इंटरनेट वापरावर पाळत ठेवणं त्यात स्पष्ट नमूद आहे. तिनं नापसंती उघड दाखवूनही पुन्हा पुन्हा संपर्क साधला की गुन्हा होतो. पण पहिल्या वेळी तो जामीनपात्र. सकाळी पकडलेला संध्याकाळी घरी, हातात फोन. दुसरी वाट 'चॅप्टर'ची. पोलिसांच्या तोंडी बसलेलं हे नाव फौजदारी प्रक्रिया संहितेच्या आठव्या प्रकरणावरून पडलेलं. नव्या संहितेत प्रकरणाचा आकडा बदलला तरी नाव टिकून आहे. कार्यकारी दंडाधिकारी त्या माणसाकडून शांतता राखण्याचं बंधपत्र घेतात, जास्तीत जास्त एका वर्षासाठी. तिसरी वाट दिवाणी दाव्याची. दावा लावायचा आणि त्यात तूर्तातूर्त मनाईचा अर्ज द्यायचा, ज्याला आपल्याकडची कोर्टं 'निशाणी पाच' म्हणून ओळखतात. पण दाव्याच्या पहिल्या पानावर प्रतिवादीचं नाव, वय, धंदा आणि राहणार कुठला ते लिहावं लागतं. चित्रातल्या वाघाचं तोंड लावलेल्या खात्याचा धंदा काय आणि ते राहणार कुठलं?

निनावी माणसाविरुद्ध आदेश निघतच नाहीत असंही म्हणवत नाही. सिनेमा प्रदर्शित होण्याआधी त्याच्या चोरट्या प्रती रोखण्यासाठी उच्च न्यायालयं अज्ञात प्रतिवादींविरुद्ध आदेश देतात. त्या अज्ञाताला परदेशात जॉन डो म्हणतात, आपल्याकडच्या खटल्यांत तो अशोक कुमार होतो. नामवंत गायकांनीही आपला आवाज आणि नाव वापरणाऱ्या अनोळखी लोकांविरुद्ध असे आदेश मिळवले आहेत. वाट आहे, पण ती उच्च न्यायालयाच्या वकिलांच्या फीमधून जाते. विम्याच्या कार्यालयातल्या मुलीच्या पगारात ती बसत नाही.

मला त्या दिवसापासून एका प्रश्नाचं नवल वाटत आलं आहे. तुझं त्याच्याशी नातं काय? हा प्रश्न शेजारी विचारतात, पोलीस ठाण्यात विचारतात, घरचेही विचारतात, आणि तिथे ओळख निघाली की बाईचं पारडं हलकं होतं. ओळख होती ना, मग काहीतरी असणारच, असं म्हणून लोक मोकळे होतात. न्यायालयात तोच प्रश्न येतो तेव्हा मात्र नातं निघालं तर तिची बाजू भक्कम आणि नाही निघालं तर तिच्या हाती एनसीची चिठ्ठी. एकाच उत्तराला बाहेर एक भाव आणि आत दुसरा. त्या मुलीचं उत्तर दोन्हीकडे तोट्याचं ठरलं. बाहेर 'ओळखत होतीस' म्हणून, आत 'नातं नव्हतं' म्हणून.

माझा अंतरिम आदेश झाला. त्याच्या वकिलानं 'आपसातला गैरसमज' म्हटलं, न्यायाधीश मॅडमनी पानं उलटत एकच विचारलं, "गैरसमज रात्री दोनला कळवतात का?" आदेशात लिहिलं गेलं की गैरअर्जदारानं अर्जदाराशी प्रत्यक्ष, फोनवरून अथवा कोणत्याही इलेक्ट्रॉनिक माध्यमातून, स्वतः किंवा दुसऱ्यामार्फत, संपर्क साधू नये, तिच्या नावानं खातं चालवू नये आणि तिच्या शाळेच्या आवारात जाऊ नये. एक प्रत विनामूल्य माझ्या हाती, एक पोलीस ठाण्यात. भंग केला तर एक वर्षापर्यंत कैद किंवा वीस हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, आणि तो गुन्हा दखलपात्र, अजामीनपात्र. भंग झाला हे केवळ माझ्या साक्षीवरूनही न्यायालयाला मानता येतं. आणि अंतिम संरक्षण आदेश झाला की तो मी स्वतः जाऊन 'आता नको' असा अर्ज करेपर्यंत चालू राहतो. चॅप्टरच्या बंधपत्राशेजारी ठेवून पाहिलं की या शेवटच्या तरतुदीचं मोल कळतं. बंधपत्र कॅलेंडरावर संपतं. हा आदेश कधी संपायचा ते एरवी जिला भीती वाटली होती ती ठरवते.

कागदानं माणूस थांबतो का, असं मला पुष्कळांनी विचारलं. माझा अनुभव सांगते. आदेशानंतर एक मेसेज आलाच, नव्या नंबरावरून, गोडीगुलाबीचा. मी प्रत घेऊन त्याच ठाण्यात गेले. त्याच अंमलदारांनी ती वाचली, आणि या वेळी मला काहीही बदलायला न सांगता त्यांनी त्याला फोन लावला. "कोर्टाचा आदेश वाचलात का? मग नंबर कशाला काढता नवे?" धमकीचं बळ थोडंफार तसंच होतं, माझी भीतीही एका दिवसात गेली नाही. पण खुलासा कोणी करायचा ते बदललं. तोवर मी ऑनलाइन का दिसते, फोटो का लावते, शाळेतून उशिरा का निघते, हे मी सांगत होते. आता त्याला सांगावं लागत होतं.

आपल्या विधिमंडळानं डिसेंबर २०२१ मध्ये शक्ती विधेयक मंजूर केलं. त्यात समाजमाध्यमांवरच्या छळासाठीही शिक्षा होती. राष्ट्रपतींच्या संमतीअभावी ते अंमलात आलं नाही. त्याची चर्चा झाली ती फाशीपर्यंतच्या शिक्षांवरून. त्या मुलीला मात्र कुणाला फाशी नको होती. तिला संध्याकाळी फोन उघडता यायला हवा होता. शिक्षा गुन्ह्यानंतर येते, आणि अंतर त्याआधी लागतं.

असं अंतर नात्याचा दाखला न मागता देणारे कायदे जगात आहेत. ब्रिटनमध्ये छळाविरुद्धचा कायदा १९९७ पासून आहे, आणि तिथे इंग्लंड व वेल्समध्ये २०१९ च्या कायद्यानुसार पाठलाग करणाऱ्याविरुद्धच्या आदेशासाठी पोलीस स्वतःच न्यायालयात अर्ज करतात. बाईला ट्रंका उपसाव्या लागत नाहीत. सिंगापूरनं २०१४ च्या कायद्यात ऑनलाइन छळासाठीही संरक्षण आदेश ठेवला आणि २०२१ मध्ये त्यासाठी स्वतंत्र न्यायालय उघडलं. छळणारा नवरा आहे, शेजारी आहे की कधी न पाहिलेला माणूस, यानं तिथे दार बंद होत नाही.

आपल्याला त्यासाठी फार लांबचं काही शोधायला नको. २००५ च्या कायद्यात सगळं लिहून ठेवलेलं आहे: संपर्क बंद, कामाच्या ठिकाणापासून लांब, तिच्या माणसांना हात नाही, राहत्या गावी अर्ज, भंग केला तर अटक, आणि संपवण्याचा अधिकार तिचा. फक्त त्या अर्जातला नात्याचा रकाना भरता आला नाही म्हणून कुणाला परत पाठवू नये. त्यानं काय केलं, किती वेळा केलं आणि तिनं नाही म्हटल्यावरही केलं का, एवढंच विचारावं. त्या मुलीकडे या तिन्हींची उत्तरं तारीखवार लावलेली होती.